बायपोलर आणि थेरपी: शुभार्थी आणि शुभंकर नेहमी विचारतात ते प्रश्न

बायपोलर म्हणजे मूड कधी अतिउत्साहाच्या टोकाला (मॅनिया), तर कधी खोल उदासीच्या टोकाला (डिप्रेशन) नेणारा मनाचा आजार. त्याचं निदान झालं की गोळ्या कुठल्या, कधी, किती हे डॉक्टर नीट सांगतात. थेरपीबद्दल, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचाराबद्दल, मात्र चिठ्ठीच्या तळाशी एखादी ओळ असते आणि ती घेऊन नेमकं कुठे जायचं हे घरात कोणालाच कळत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या आजारामुळे मी बरीच वर्षं शुभंकरांच्या बैठकांना जाते. (आजार असलेला तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा तो शुभंकर.) तिथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा कुठलाही निर्णय तुमच्या सायकियाट्रिस्टना विचारूनच घ्या.

आत्ता परिस्थिती हाताबाहेर गेली आहे. थेरपिस्ट शोधायला लागू का?

नको. जीव देण्याची भाषा, सलग दोन-तीन रात्री झोप नसूनही थकव्याचा पत्ता नाही, कानात आवाज येणं, आपल्यात दैवी शक्ती आल्याची खात्री, मारहाण, यातलं काहीही असेल तर ते सायकियाट्रिस्टचं आणि हॉस्पिटलचं काम आहे. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मदत येईपर्यंत माणसाला एकटं ठेवू नका. गोळ्यांची पाकिटं, आणि गावाकडे असाल तर फवारणीचं औषध, आधी कुलपात टाका.

"मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे, बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचं हायसंच वाटतं. पोलीस केस होईल या भीतीने कित्येक घरं दवाखान्यात जायला उशीर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्यामुळे वेळ घालवू नका.

गोळ्या नियमित चालू आहेत. मग थेरपी कशाला?

गोळ्या मूडचे टोकाचे झोके आवरतात. पण झोका सुरू होतोय हे सर्वांत आधी कोणी ओळखायचं? डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटं भेटतात. मॅनिया मात्र दोन भेटींच्या मधल्या एखाद्या मंगळवारी रात्री चढायला लागतो. तो ओळखायला शिकणं, ओळखल्यावर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणं, मागच्या झटक्यात, म्हणजे आजार उफाळला तेव्हा, मोडलेली नाती आणि झालेली कर्जं निस्तरणं आणि 'आता मी कोण?' या प्रश्नाला सामोरं जाणं, ही कामं गोळी करत नाही.

याला पुरावाही आहे. २००७ साली अमेरिकेत बायपोलरच्या डिप्रेशनमध्ये असलेल्या २९३ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं सगळ्यांनाच चालू होती. त्यातल्या काहींना नऊ महिन्यांत तीसपर्यंत थेरपीची सत्रं मिळाली आणि बाकीच्यांना फक्त तीन. वर्षाअखेरीस पहिल्या गटातले सुमारे ६४ टक्के लोक सावरले होते, दुसऱ्या गटातले सुमारे ५२ टक्के. पहिल्या गटातले सावरलेही लवकर. शंभरांत बारा जणांचा हा फरक कागदावर लहान वाटेल. ज्या घरात वर्षभर कोणी पलंगावरून उठलेलं नाही, त्या घराला विचारा तो केवढा आहे.

गोळ्यांनी वजन वाढतं, हात कापतात. फक्त थेरपीवर नाही का भागणार?

बायपोलर एक, म्हणजे ज्यात पूर्ण मॅनिया येऊन गेला आहे, त्यात तरी नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही थेरपी औषधाच्या जोडीला होती, औषधाच्या बदल्यात नव्हती. दुष्परिणामांचा त्रास खरा आहे आणि तो 'सहन करा' म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. मात्र त्यावर उपाय औषध किंवा डोस बदलणं हा आहे आणि तो निर्णय सायकियाट्रिस्टबरोबर होतो. खूप जण हे डॉक्टरांना सांगत नाहीत, परस्पर गोळ्या थांबवतात. चांगला थेरपिस्ट इथे फार उपयोगी पडतो: 'मला हे औषध नकोसं का झालंय' हे मोकळेपणी बोलायला एक जागा मिळते आणि डॉक्टरांपुढे ते कसं मांडायचं याची तयारीही होते.

आणखी एक गोष्ट. डिप्रेशन आहे म्हणून एखाद्या दुसऱ्या डॉक्टरांकडून नुसतं अँटिडिप्रेसंट घेऊ नका. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचं कुंपण नसताना काही जणांना त्यातून थेट मॅनिया येतो. आपल्याला बायपोलर आहे हे प्रत्येक डॉक्टरला सांगा, अगदी दातांच्यासुद्धा.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर… जायचं कोणाकडे?

सायकियाट्रिस्ट हे एम.बी.बी.एस. करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी देतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. 'काउन्सेलर' ही पाटी लावण्यावर मात्र आपल्याकडे आजवर फारसं बंधन नव्हतं. एम.ए. सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे समुपदेशक आहेत आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून दुकान मांडणारेही आहेत.

बायपोलरसाठी माझं मत स्पष्ट आहे: मॅनिया स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस निवडा. हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात काम केलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिक सोशल वर्कर मिळाले तर सर्वांत बरं. शोध तुमच्या सायकियाट्रिस्टपासूनच सुरू करा, म्हणजे दोघं एकमेकांशी बोलतील.

पहिल्या फोनवर काय विचारायचं?

चार गोष्टी पुरे. बायपोलरचे शुभार्थी तुम्ही नियमित पाहता का? आमच्या सायकियाट्रिस्टशी संपर्क ठेवाल का? दोन सत्रांच्या मधे मॅनियाची लक्षणं दिसली तर काय करायचं? घरच्यांना अधूनमधून सत्रात घेता का? फी आणि सत्र रद्द करण्याचा नियमही तेव्हाच विचारून घ्या.

"सहा महिन्यांत गोळ्या सुटतील" असं आश्वासन मिळालं तर आभार मानून फोन ठेवा.

बायपोलरसाठी नेमकी कुठली थेरपी असते?

नुसतं मन मोकळं करणं म्हणजे थेरपी नव्हे, निदान या आजारात तरी. चार पद्धतींचा चांगला अभ्यास झाला आहे.

पहिली सायकोएज्युकेशन, म्हणजे आजाराचं पद्धतशीर शिक्षण. बार्सिलोनात १२० शुभार्थींचा एक अभ्यास झाला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात २१ सत्रांचा गट-वर्ग होता. आजार काय, इशारे कोणते, औषध का, झोप का, असे विषय एकेक करून घेतले. पाच वर्षांनंतरही या लोकांना झटके कमी येत होते. यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते: या वर्गात घेतलेले सगळे जण तेव्हा किमान सहा महिने *बरे* होते.

दुसरी कुटुंबकेंद्री थेरपी. शुभार्थी आणि घरचे एकत्र बसतात, आजार समजून घेतात, बोलायची पद्धत बदलायचा सराव करतात. सतत टोमणे, सतत लक्ष ठेवणं, 'तुझ्यामुळे घराचं वाटोळं झालं' असली वाक्यं ज्या घरात असतात तिथे आजार लवकर उलटतो, हे अनेकदा दिसून आलं आहे. म्हणून इथे उपचार एकट्या माणसावर होत नाहीत, घराच्या बोलण्यावरही होतात.

तिसरी दिनक्रमाची थेरपी. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी ती विकसित केली. बायपोलरमध्ये शरीराचं घड्याळ फार हळवं असतं, झोप चुकली की मूड चुकतो. या थेरपीत रोज पाच वेळा टिपून ठेवायच्या: अंथरुणातून उठलो कधी, दिवसातलं पहिलं माणूस कधी भेटलं, कामाला कधी लागलो, रात्रीचं जेवण कधी, झोपलो कधी. दिसायला किती साधं! पण माझ्या भावाची वही मी पाहिली आहे. सोमवार ते शुक्रवार सगळं नऊ, साडेनऊ, अकरा असं ठाकठीक. शनिवारी 'झोप: २.४०', रविवारी 'उठलो: १२.१५', आणि पुढच्या बुधवारी समासात लाल पेनने 'चिडचिड, खूप बोललो'. असं तीन आठवडे ओळीने दिसल्यावर त्याला कोणी काही समजवावं लागलं नाही.

चौथी सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. विचार, भावना आणि वागणं यांची साखळी तपासायची. डिप्रेशनमधल्या काळ्या विचारांसाठी तिचा उपयोग होतो. मात्र ब्रिटनमधल्या २५३ शुभार्थींच्या अभ्यासात, २००६ साली, एकंदर गटात झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. ज्यांना आधी बारापेक्षा कमी झटके येऊन गेले होते त्यांना मात्र फायदा झाल्यासारखा दिसला. म्हणून मी सगळ्यांना सांगते, दहा वर्षं थांबू नका.

प्रत्यक्षात आपल्याकडे थेरपिस्ट या चारांतलं थोडं थोडं मिसळतात. त्यात गैर काही नाही. फक्त सत्राचा वेळ दर आठवड्याच्या गाऱ्हाण्यांतच संपत असेल आणि झोप, इशारे, औषध यांचा विषयच निघत नसेल, तर तो निघावा असं तुम्ही म्हणा.

सुरुवात कधी करावी? आता तर तो अगदी छान आहे.

आताच! या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ऐन मॅनियात थेरपी जवळपास चालतच नाही. माणूस ऐकून घ्यायच्या स्थितीत नसतो, त्याला स्वतःला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. खोल डिप्रेशनमध्ये दात घासणं जड, तिथे वही कुठली भरणार? तेव्हा औषध, झोप, सुरक्षितता एवढंच बघायचं. शिकायचं सगळं काम बऱ्या काळात होतं, आणि नेमक्या त्याच काळात 'आता कशाला जुनं उकरायचं' म्हणून आपण सत्रं बंद करतो. बैठकीत दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यानंतर येणारी घरं पाहिली की मला याचंच वाईट वाटतं. मधली दोन-तीन चांगली वर्षं हातात होती.

'इशारे ओळखा' म्हणतात. म्हणजे घरी बसून काय करायचं?

मागचे दोन-तीन झटके आठवायचे आणि प्रत्येकाचे आधीचे दोन आठवडे उलगडायचे. हे थेरपिस्टसमोर, घरातल्या एका माणसाला बरोबर घेऊन करावं, कारण मॅनियाच्या सुरुवातीचं शुभार्थीला आठवतं ते 'खूप मस्त वाटत होतं' एवढंच.

पुस्तकातली लक्षणं इथे फारशी कामाची नाहीत, प्रत्येकाचे इशारे अगदी स्वतःचे असतात. माझ्या भावाच्या परवानगीने त्याचा कागद सांगते, तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. हिरव्या भागात त्याचा नेहमीचा दिवस. पिवळ्या भागात: पहाटे चारला उठून बाइक धुणं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज. जुन्या मित्रांना एकामागून एक फोन. जेवताना ताटावरून दोनदा उठणं. नवीन धंद्याची कल्पना. आणि त्याखाली, काय करायचं: रात्री दहाला मोबाइल वहिनीकडे, चहा-कॉफी बंद, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन, यूपीआयची मर्यादा कमी, क्रेडिट कार्ड ताईकडे, ४८ तास कुठलीही खरेदी नाही. लाल भागात कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं, कोणी न्यायचं आणि कोणी अजिबात यायचं नाही, तेही लिहिलं आहे.

शेवटचं वाक्य त्याने स्वतः लिहिलं: 'तेव्हा मी नाही म्हणेन. तरी न्या.' बऱ्या काळात केलेला असा करार भांडणाच्या वेळी किती उपयोगी पडतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. याच धर्तीवर २०१७ च्या कायद्याने आगाऊ निर्देश (पुढे आजारपणात आपले उपचार कसे व्हावेत) लिहून ठेवायची आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (तेव्हा आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस) नेमायची सोय दिली आहे. थेरपिस्टबरोबर तोही विषय काढा.

सण, लग्नकार्य, उपास यांचं काय?

हा विषय थेरपीत मुद्दाम काढायचा, कारण पुस्तकात तो नसतो. गणपतीची आरास, विसर्जनाची रात्र, नवरात्रातला गरबा, जागरण-गोंधळ, हळद आणि लग्न यांची धावपळ, या सगळ्यात एकच गोष्ट जाते ती म्हणजे झोप. आनंदाच्या कार्यातही मॅनिया चढतो, हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही. सणावर बंदी नको. कोणत्या दोन रात्री जागायचं नाही, घरी किती वाजता निघायचं, रात्रीची गोळी कोणाच्या पर्समध्ये, हे आधी ठरवा.

लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर निर्जळी उपास, कडक उन्हातली पायपीट, जुलाब-उलट्या यांकडे विशेष लक्ष हवं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हाताची थरथर वाढली, तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेऊ नका, तिनेही पातळी वाढते. आणि लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी करायची असते. सकाळची गोळी तपासणी झाल्यावर घ्यायची, हे लॅबमध्ये कोणी सांगेलच असं नाही.

योग, ध्यान चालतं का? आणि देवाचं?

योगासनं, चालणं, नामस्मरण, सकाळची पूजा यांनी दिवसाला एक ठरावीक लय मिळते आणि ती चांगलीच. दहा-दहा दिवसांची मौन शिबिरं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. इगतपुरीसारख्या विपश्यना केंद्रांच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, ती लपवू नका. अंगारा लावायचा असेल तर घरातल्या मोठ्यांच्या समाधानासाठी लावा, त्यासाठी गोळी चुकवायला लावणाऱ्या माणसाच्या दारात पुन्हा जाऊ नका.

तालुक्याला कोणीच नाही, आणि शहरातली फी परवडत नाही.

मुंबई-पुण्यात खासगी सत्राला हजार-दोन हजार रुपये सहज जातात, आठवड्याला एक म्हटलं तर सामान्य घराचं कंबरडं मोडेल. पर्याय आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी चालते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे ओपीडीत नुसतं दाखवताही येतं, गेलं की दाखलच करतात असं नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, जिथे शुभंकरांच्या गटांचं काम जुनं आहे.

सत्रं परवडत नसतील तर पहिले दोन महिने दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने असं थेरपिस्टशी बोलून ठरवा. व्हिडिओवरची सत्रंही चालतात, फक्त खोलीचं दार लागायला हवं. दोन खोल्यांच्या घरात ते अवघड असतं. बैठकीतला एक मुलगा शेतावरच्या मोटारीच्या खोलीत बसून सत्र करतो. भाषेबाबत तडजोड नको. 'घालमेल', 'जीव रमत नाही', 'डोक्यात भुंगा' हे ज्याला समजतं त्याच्याशीच बोला.

थेरपिस्ट आम्हा आईवडिलांना काहीच सांगत नाहीत. फी तर आम्हीच भरतो!

तुमचा त्रागा समजतो. पण सज्ञान माणसाची गुप्तता पाळणं हे त्यांच्यावर कायद्याने बंधन आहे. जिवाला धोका दिसला तर ते सांगतात. एरवी 'आज काय बोललास?' हे दारातच विचारू नका. तुम्ही मात्र त्यांना कळवू शकता: झोप तुटली आहे, खर्च वाढला आहे. आणि महिन्याला एक सत्र एकत्र घ्यावं अशी विनंती करा, बहुतेक थेरपिस्ट शुभार्थीच्या संमतीने हो म्हणतात.

तुम्हालाही कोणाशी तरी बोलायची गरज आहे. बैठकीला या. पहिल्या वेळी नुसतं बसलात तरी चालेल.

जायलाच तयार नाही. काय करू?

'तू वेडा आहेस, चल' या वाक्याने कोणी जात नाही. आजाराच्या नावावरून वाद घालू नका, त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतोय ते धरा. झोप येत नाही, नोकरी टिकत नाही, बायकोशी पटत नाही, यापैकी एक त्याला नक्की पटतं. 'एकदाच भेटू, नाही आवडलं तर परत जायचं नाही' म्हणा आणि तो शब्द पाळा. तपासणीच्या नावाखाली फसवून नेऊ नका. एकदा विश्वास गेला की पुढची पाच वर्षं जातात.

चार महिने झाले, काही फरक नाही. बदलू का?

आधी त्यांनाच सांगा. हे ऐकून न घेणारा थेरपिस्ट असेल तर उत्तर मिळालंच. मोजायचं काय, तेही ठरवा: झोप सुधारली का, गोळ्या चुकतात किती, पिवळा इशारा लवकर लक्षात आला का. 'मन कायम प्रसन्न' हे माप लावू नका. बदलायचं झालं तर मधेच गायब होऊ नका, एक शेवटचं सत्र घ्या आणि नोंदी मागून घ्या.

मेडिक्लेममध्ये बसतं का?

२०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याचा खर्च त्यामुळे मागता येतो. बाहेरच्या थेरपी सत्रांचे पैसे मात्र पॉलिसीत ओपीडी असेल तरच. नियम वाचा, आणि पॉलिसी काढताना आजार लपवू नका.

थेरपी संपते कधी? आणि आता आम्हाला मूल हवं आहे.

नियमित सत्रं साधारण सहा ते बारा महिने, मग अंतर वाढवत न्यायचं. नंतर मोठा बदल येण्याआधी पुन्हा जायचं: रात्रपाळी, परगावी बदली, लग्न, घरातला मृत्यू.

मूल हा त्यातला सर्वांत मोठा बदल, आणि त्याची तयारी दिवस राहण्याच्या कितीतरी आधी करायची. व्हॅल्प्रोएट या मूडच्या औषधाने गर्भाला गंभीर धोका असतो, म्हणून औषधांची फेरआखणी आधीच हवी. दिवस गेल्याचं कळताच घाबरून सगळ्या गोळ्या एकदम थांबवणं हेही तितकंच धोक्याचं. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे बायपोलर असलेल्या बाईसाठी फार जोखमीचे असतात, तेव्हा सायकियाट्रिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि थेरपिस्ट तिघांनाही एकमेकांचे नंबर द्या. आणि सातव्या महिन्यातच एक सत्र नवरा, आई, सासूबाई सगळ्यांना घेऊन करा. विषय एकच: बाळाला रात्री कोण बघणार. बाळाच्या आईला सलग पाच-सहा तास झोप मिळेल अशा पाळ्या कागदावर लिहून काढा, वरचं दूध लागणार असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, आणि बारशाची तारीख थोडी पुढे ढकलायला कोणाची हरकत नाही ना, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.